हिवाळ्यात साठलेले सोलरचे युनिट मे महिन्यात वापरू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मध्यंतरी सोलर बसवा आणि एसी बिनधास्त चालवा अशा अर्थाची बरीच माहिती आली, जाहिराती पण रोजच असतात, ते वाचून आमच्या गल्लीतले तीन-चार जण माझ्याकडं विचारायला आले कारण आमच्या गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर आहे आणि खाली बेडरूममध्ये दीड टनाचा एसी. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून म्हटलं एकदाच पेपरला लिहावं. सोलर वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, आधीच सांगते, नाहीतर लोक पत्र अर्धवट वाचून मोकळे होतात. पण त्यात एक गोष्ट अशी आहे जी कुणीच सांगत नाही आणि ती आपल्या मराठवाड्यालाच जास्त नडते.

आधी एसी का, ते. परभणीत एप्रिल-मे म्हणजे काय असतं ते परभणीकरांना सांगायला नको, कृषी विद्यापीठाचा आकडा चव्वेचाळीसच्या पुढं गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पंखा लावला तर गरम हवाच अंगावर येते. चाळीस डिग्रीच्या वर पंख्याचा भरवसा धरू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, कारण अंगापेक्षा गरम हवा अंगावर फेकून अंग थंड कसं होणार. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, म्हाताऱ्या माणसाला घामही कमी येतो आणि तहानही कळत नाही, त्यामुळं एसी आमच्याकडं चैन म्हणून आलेला नाही.

कूलर होता की, अजूनही आहे. खरं सांगायचं तर कोरड्या उन्हात कूलरसारखं दुसरं काही नाही, हवा जेवढी कोरडी तेवढं पाणी जास्त उडतं आणि तेवढी हवा गार होते, म्हणून मुंबईत कूलर बिनकामाचा आणि आपल्याकडं राजा. लाईट पण पंख्यापेक्षा थोडीच जास्त खातो. पण पाणी? मोठा लोखंडी कूलर दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज पितो, आणि ज्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो तिथं कूलरमध्ये टँकरचं पाणी ओतायचं का प्यायचं. ज्या भागात 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हा प्रश्न चेष्टेचा नाही. वर रोहिण्या संपून मृग लागला, आभाळ भरून आलं की कूलर लावा नाहीतर नका लावू, नुसती चिकचिक. एसीला पाणी लागत नाही, मे महिन्यात आमच्या एसीच्या पाईपातून पाणी टपकतसुद्धा नाही धड, हवा एवढी कोरडी असते. म्हणजे वीज आणि पाणी यातलं काय परवडतं ते ज्याचं त्यानं बघायचं असा मामला आहे.

आता एसीचा खर्च. दुकानात स्टारचं लेबल दाखवतात, त्यावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो, लोक तोच धरून बसतात. तो आकडा वर्षाला 1600 तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो आणि त्यात बाहेरचं तापमान 24 पासून 43 डिग्रीपर्यंत धरतात. आपल्याकडं मे महिन्यात 43 ला लोक म्हणतात आज जरा बरंय. बाहेर जेवढं तापलेलं तेवढी बाहेरच्या युनिटला उष्णता टाकायला मेहनत जास्त, त्यात ते युनिट गच्चीवर भर उन्हात ठेवलेलं, वर स्लॅब रात्री बारापर्यंत भट्टी, त्यामुळं लेबलवर तासाला अर्धा युनिट निघत असला तरी आपल्याकडं पाऊण ते एक युनिट धरून चाला. रात्रीचे आठ तास म्हटले तर सहा ते आठ युनिट झाले, महिन्याला दोनशेच्या आसपास. आणि आपल्या राज्यात घरगुती बिलाचे टप्पे 100, 300, 500 असे आहेत, एकट्या एसीमुळं माणूस दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात जातो आणि तिथं युनिटचा दरच वेगळा.

इथं जाता जाता एक सांगते. एसी 24-25 वर ठेवा आणि सोबत पंखा हळू चालू ठेवा. 2020 पासूनच्या स्टारवाल्या एसीत चालू केला की 24 हाच आकडा येतो तो उगाच नाही, एकेक डिग्री वर ठेवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशोब आहे. आमच्या घरी पाहुणे आले की रिमोट घेऊन आधी अठरा करतात, अठरा केल्यानं खोली लवकर गार होते असं त्यांना वाटतं, होत नाही, फक्त एसी थांबायचं नाव घेत नाही. आणि सर्व्हिसवाला दरवर्षी येऊन गॅस कमी झालाय म्हणत असेल तर त्याला विचारा लिकेज कुठंय ते दाखव, गॅस काही पेट्रोलसारखा संपत नाही.

आता सोलर. केंद्राची पीएम सूर्यघर योजना 2024 च्या फेब्रुवारीत आली, 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा त्याच्या वर कितीही बसवा 78 हजार सबसिडी. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि एसीवरचा 28 वरून 18 वर, त्यामुळं दोन्ही थोडं आवाक्यात आलं हे खरंय. 3 किलोवॅटला गच्चीवर साधारण तीनशे स्क्वेअर फूट जागा लागते, दिवसाला सरासरी बारा युनिट मिळतात. आमच्या वाळवणाची जागा त्यातच गेली, कुरडया-पापड आता शेजारणीच्या गच्चीवर घालते, पण त्या बदल्यात पॅनलखालचा स्लॅब आता तेवढा तापत नाही, हा फायदा मात्र जाहिरातीत नसतो.

अजून एक गंमत, ऊन जेवढं कडक तेवढी वीज जास्त असं सगळ्यांना वाटतं. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. पॅनलवर लिहिलेले वॅट हे 25 डिग्रीला मोजलेले असतात आणि भर मे मध्ये दुपारी काच-सेल 65-70 डिग्रीला जातात, डिग्रीमागं 0.3 ते 0.4 टक्के कमी होत होत पंधरा टक्के वीज तिथंच गेली. वर धूळ. ती धुवायला पुन्हा पाणी, ते पण बोअरचं खारं असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात आणि ते मग निघत नाहीत. सकाळी लवकर ओल्या फडक्याचा पोछा मारायचा बास, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी-मार्च, आभाळ निरभ्र, हवा गार, तेव्हा पॅनल खुशीत असतात. हे लक्षात ठेवा, पुढं यावरच यायचंय.

आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोक फसतात ते म्हणजे लाईट गेली की सोलरही बंद. दुपारी बारा वाजता डोक्यावर कडक ऊन, गच्चीवर तीन किलोवॅटचे पॅनल, आणि डीपीवरचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला की घरात पंखा सुद्धा फिरत नाही. आमच्याकडं आलेल्या एजंटाला मी विचारलं होतं तर म्हणाला मावशी तुम्ही टेन्शनच घेऊ नका, तुमची वीज तुमच्या घरची. घरची कसली. साधं ऑनग्रीड सोलर बाहेरच्या लाईनला धरूनच चालतं, लाईन मेली की ते स्वतः बंद होतं आणि ते बरोबरच आहे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसायचा. लाईट गेल्यावरही चालायला पाहिजे असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, त्याचा खर्च वेगळा आणि बॅटरीसाठी सबसिडी काही वाढत नाही. घरातला जुना इन्व्हर्टर पंखे-ट्यूबसाठी ठीक, 150 एएचच्या एका बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट असतात, त्यावर दीड टनाचा एसी लावला तर तासभर सुद्धा चालायचा नाही.

बरं, आता मूळ मुद्दा.

वीज गच्चीवर तयार होते दिवसा आणि एसी लागतो रात्री. हे जमतं कशामुळं तर नेट मीटरमुळं, आपले जास्तीचे युनिट दिवसा लाईनमध्ये जातात, रात्री आपण तेवढे परत घेतो, महिन्याचं उरलं तर पुढच्या महिन्यात जमा. किराणा दुकानात ॲडव्हान्स ठेवून महिनाभर माल उचलावा तसं. इथपर्यंत छान. पण हे खातं चालतं 1 एप्रिल ते 31 मार्च. 31 मार्चला जेवढे युनिट शिल्लक त्यांचा हिशोब बंद होतो, त्याचे जे काही पैसे मिळतात ते आपण वीज घेतो त्या दराच्या मानानं बरेच कमी, आणि 1 एप्रिलला पाटी कोरी.

आता मराठवाड्यातल्या घराचं वर्ष बघा. डिसेंबर ते मार्च एसी बंद, पंखा सुद्धा निम्मा वेळ बंद, दोन-तीन माणसांच्या घराला महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट पुरतात. सोलर मात्र तेव्हाच सगळ्यात चांगलं चालतं, साडेतीनशेच्या आसपास युनिट देतं. म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर युनिट जमा. दोनशे धरले तरी चार महिन्यांत आठशे झाले. आणि एप्रिल उजाडला, एसीचं कव्हर काढलं, आता हे आठशे कामाला येतील म्हणावं तर ते कालच संपलेत. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत एसी, फ्रिज, बोअरची मोटर, कूलर पण, सगळं मिळून वापर सोलरच्या पुढं जातो, तेव्हा जास्तीचं बिल भरायचं. हिवाळ्यात आपण दिलेली वीज स्वस्तात गेली आणि उन्हाळ्यात घेतलेली महागात पडली. जिथं बारा महिने एसी सारखाच लागतो तिथं 31 मार्च काय आणि 30 सप्टेंबर काय, सारखंच. पण आपल्याकडं वर्षभराची शिल्लक नेमकी उन्हाळ्याच्या दारात पुसली जाते. सरकारी कागदाचं वर्ष मार्चला संपतं म्हणून उन्हाचं वर्ष पण मार्चला संपत नाही ना.

म्हणून माझी मागणी साधी आहे. घरगुती नेट मीटरच्या युनिटचा वार्षिक हिशोब 31 मार्चच्या ऐवजी 30 जूनला करावा. कुणाला एक रुपया जादा द्यायचा नाही, सबसिडी वाढवायची नाही, नवीन मीटर नको, फक्त तारीख बदलायची. जूनपर्यंत पाऊस येतो, एसी बंद होतात, मग खुशाल हिशोब करा. वीज नियामक आयोग असे नियम करताना लोकांच्या हरकती मागवतो, तेव्हा मुंबई-पुण्याच्या संघटना जातात, मोठे कारखानदार जातात, आमच्यासारख्यांना ती नोटीस कधी निघाली तेच कळत नाही. आपल्यासारख्या पेपरनं तशी नोटीस आली की पहिल्या पानावर छापली तर आम्ही पण चार ओळी लिहून पाठवू. आपले आमदार-खासदार सोलरच्या कार्यक्रमात फीत कापायला येतात त्यांनी पण एकदा हे उचलावं.

यावर आमचे हे म्हणतात की अगं वीज कंपनीला हिवाळ्यातली दुपारची वीज काय कामाची, तिला मे च्या रात्री वीज महाग पडते, ती का म्हणून एकास एक देईल. मुद्दा खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण रब्बीच्या हंगामात शेतीला दिवसा वीज द्या म्हणून सगळीकडं बोंब असते, आणि आता दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना आहेच की, तेव्हा हिवाळ्यातली दुपारची वीज अगदीच बिनकामाची असते असं कसं म्हणायचं. आणि एकास एक द्यायचंच नसेल तर निदान थोडे कापून पुढं न्या, पण पाटी कोरी करू नका.

दुसरं, डीपीचं. गल्लीतली डीपी बसवली तेव्हा कुणाकडं एसी नव्हता. आता घरोघर आलेत, आणि निम्म्या लोकांच्या बिलावर मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज मंजूर आहे तो आकडा, अजून एक किलोवॅटच आहे कारण वाढवून घ्यायला कुणी जात नाही, मग कागदावर डीपीवर लोड कमीच दिसतो आणि रात्री अकराला सगळ्यांनी एसी लावला की ती जळते. एकदा जळाली की मे महिन्यात दुसरी यायला किती दिवस लागतात ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा, लेकरं घेऊन गच्चीवर झोपायचं नाहीतर गावाकडं जायचं. त्यामुळं एसी घेतला की मंजूर भार वाढवायचा अर्ज आपण पण करावा, थोडा स्थिर आकार (युनिट कितीही वापरा, दर महिन्याला भरावाच लागतो तो) वाढेल तर वाढू द्या, त्याशिवाय मोठी डीपी मागायला तोंड राहत नाही. रात्री व्होल्टेज पडतं म्हणून एसीला स्टॅबिलायझर लावतो, तोच पैसा लाईनवर खर्च झाला असता तर बरं झालं असतं, असो.

आणि ज्यांच्याकडं गच्चीच नाही त्यांचं काय. आमच्याकडं धुण्याभांड्याला येणारी ताई पत्र्याच्या दोन खोल्यांत राहते, भाड्यानं. तिला सोलर नाही, एसी नाही, कूलरला पाणी नाही. दुपारी पत्रा एवढा तापतो की आत बसवत नाही, लेकरं लिंबाखाली. राज्यानं 2025 मध्ये महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असणाऱ्यांना छोट्या सोलरसाठी जादा अनुदान द्यायची योजना आणली, चांगली आहे, पण भाडेकरूला ती कशी मिळणार, छत मालकाचं आणि मालकाला काय पडलंय. मागच्या मार्चमध्ये आम्ही तिच्या पत्र्याला वरून चुना मारून दिला, चुन्यात फेव्हिकॉल कालवून दोन हात, खर्च अगदी किरकोळ, ती म्हणाली दुपारी आता आत बसता तरी येतंय. आमच्या गच्चीच्या उरलेल्या भागाला पण तोच मारला, पांढरा रंग ऊन परत फेकतो, त्यात काही मोठं शास्त्र नाही. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना पांढरी माती उगाच घालत नव्हते, भिंती हात-दीड हात जाड, वर लाकूड आणि मातीचा थर, दुपारी आत गेलं की बाहेरचं ऊन विसरायला व्हायचं. ती घरं पाडून आपण आरसीसीचे डबे बांधले आणि आता ते थंड करायला मशीन आणतोय. मला काही जुन्या घरात परत जायचं नाही, माळवदाला दर पावसाळ्याआधी माती टाकायची आणि गळती बघायची हे मी माहेरी भरपूर केलंय. पण नवीन घर बांधणाऱ्यांनी पश्चिमेच्या भिंतीला खिडकीवर मोठं छज्जं, गच्चीवर चुना किंवा पांढरी फरशी एवढं केलं तरी दीड टनाच्या जागी एक टनाचा एसी पुरेल. महापालिकेनं फेब्रुवारीतच पत्र्याच्या वस्त्यांमध्ये चुना वाटला तर एका मोठ्या रस्त्याच्या डांबराएवढाही खर्च होणार नाही.

तर जे विचारायला येतात त्यांना मी काय सांगते, तर आधी छत पांढरं करा, मग एसी लहान घ्या, मग सोलर. सोलर घेताना कोटेशनवर लिहून घ्या की लाईट गेल्यावर चालणार की नाही, स्ट्रक्चरची उंची आणि पाईपची जाडी किती, कारण एप्रिल-मे मध्ये अवकाळीचं वारं सुटतं तेव्हा हलकं स्ट्रक्चर पॅनलसकट शेजारच्या गच्चीवर जातं. आणि बिल शून्य येईल म्हणणाऱ्याला विचारा स्थिर आकार कोण भरणार.

संपादक साहेब, पत्र लांबलं, कापायचं असेल तर एसीच्या गॅसचं कापा, पण 30 जूनची तारीख तेवढी राहू द्या. आणि जमलं तर आपल्या वार्ताहराकरवी आठही जिल्ह्यांतले पाच-पाच सोलरवाले गाठून त्यांचे 31 मार्चला किती युनिट गेले आणि मे चं बिल किती आलं तेवढं शेजारी शेजारी छापा, आमचं बिल मी पाठवायला तयार आहे.

आपली,
एक जुनी वाचक,
वसमत रोड, परभणी